लाल शाईची वेलांटी

मंगळवार, २ डिसेंबर २०२५. शिरूर

सकाळी अकराला एक फोन आला. "काका, मी रश्मी बोलतेय. महेंद्रची मुलगी, दौंडहून." अडतीस वर्षांनी त्या घरातून फोन येतो आणि पहिल्याच वाक्यात काका. मी तिथंच सावध झालो. एवढी गोडी उगाच कुणी लावत नाही.

तिचं म्हणणं असं. आमचं 'वाळीत' हे गाणं पुन्हा बाहेर येणार आहे. पुण्याची कुणी कंपनी जुन्या टेपवरून तबकडी काढतेय आणि २५ जानेवारीला दौंडला रेल्वेच्या हॉलमध्ये तरुण पोरांचा एक बँड ते अख्खं वाजवणार आहे. मी प्रमुख पाहुणा. आधी गाण्यावर दहा मिनिटं बोलायचं आणि शेवटचा भाग पोरांबरोबर गायचा. मी विचारलं, महेंद्र येणार का? म्हणाली, "पप्पा म्हणतात, बघू." म्हणजे नक्की येणार.

निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. त्यात 'पुर्नप्रकाशन'. खाली झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि लाल पेनानं गोल केला. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर हात थांबत नाही. लाल पेन टेबलावर कान तुटलेल्या काचेच्या कपात उभं असतं, कधी शोधावं लागत नाही.

बायको सविता म्हणाली, "बरं झालं की, मान मिळतोय." हिला सगळंच बरं वाटतं. मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय. पुढंमागं कोर्टकचेरी झालीच तर हाताशी असावं म्हणून आजपासून सगळं तारखेनिशी लिहून ठेवणार आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर

आता मूळ हकीकत, कारण उद्या कुणी विचारलं तर माझं पहिल्यापासून एकच सांगणं असलं पाहिजे.

१९८७. आमच्या बँडचं नाव 'चौथा फलाट'. गाणारा मी, कवठे येमाईचा. गिटारवर महेंद्र, इनामगावचा, माझ्याच वर्गातला. ड्रम आणि ऑर्गनवर दौंडच्या रेल्वे कॉलनीतले दोघे भाऊ, ते पुढं ऑस्ट्रेलियाला गेले. त्या भावांकडं परदेशी तबकड्या होत्या, त्या ऐकून आम्हाला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलं. एकच गाणं सतरा मिनिटं, ताल सात मात्रांचा, मध्येच सगळं थांबून नुसता ऑर्गन. लग्नाच्या वरातीत आम्हाला कुणी उभं केलं नसतं.

'वाळीत' म्हणजे गावानं बहिष्कृत केलेल्या माणसाची कैफियत. कॅसेट निघाली तेव्हा चार लोकांनी ऐकली. पण हळूहळू पसरली. मोर्चात गायली गेली, विद्यापीठात कुणी त्यावर निबंध लिहिला, आता त्याच्या रीळ का काय ते निघतात. मागच्या वर्षी कोरेगाव भीमाच्या एका गॅरेजवाल्या पोरानं दंडावर 'वाळीत' गोंदवून मला फोटो पाठवला. वेलांटी पहिली काढली होती. कळवलं त्याला.

सगळ्यांना आवडतो तो भाग हा:

टाकलं मला वाळीत, आई,
वरून पाणी घाल.

या 'वरून'वर मी आजवर निदान पन्नास ठिकाणी बोललो असेन. बहिष्कृताला पाणी भांड्यात देत नाहीत, वरून त्याच्या ओंजळीत ओततात. त्या एका शब्दात हजार वर्षं आहेत, असं म्हटलं की टाळ्या पडतात.

शब्द माझे. कच्चा कागद महेंद्रचा होता, पण त्याचं लेखन फार अशुद्ध. शुद्ध मी केलं.

आणि हेही नोंदवून ठेवतो की आमच्या घरी भेदभाव कधीच नव्हता. महेंद्र बौद्ध, पण प्रॅक्टिसला आला की माझी आई सरूबाई त्याला न चुकता चहा द्यायची. त्याच्यासाठी खास काचेचा कप ठेवला होता, ओसरीच्या खिडकीत. तो दुसऱ्या कुणाला घेऊसुद्धा द्यायची नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

रश्मी घरी येऊन गेली. पस्तिशीची असेल, रेल्वेत नोकरीला. सोबत कलिंगड आणलं होतं, डिसेंबरात. लगेच कामाला हात घातला नाही, आधी सविताच्या कुंड्या बघितल्या, गुडघ्याचं औषध सांगितलं. मला असली माणसं ओळखता येतात. आधी घरात शिरतात.

मग म्हणाली, "काका, टेप साफ करताना एक गंमत झाली. प्रत्येकाचा आवाज वेगळा निघाला. मागचा आवाज पप्पांचा आहे ना? त्यात शब्द वेगळा येतोय."

कानात तिचं ते यंत्र घातलं. माझा आवाज पुसलेला आणि एकटा महेंद्र. तेवीस वर्षांचा. नऊ वेळा 'वाळूत' म्हणतो. एकदाही 'वाळीत' नाही.

मी म्हटलं, "त्याचे उच्चार तसेच होते. शिवाय हल्ली कॉम्प्युटरवर कुणाच्याही तोंडात काहीही घालता येतं."

ती हसली नाही की चिडली नाही. म्हणाली, "मला फक्त जुना कागद बघायचा होता. असेल का तुमच्याकडे?"

"नाही. घर बदलताना गेला."

"बरं," म्हणाली आणि चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. सविता म्हणाली, किती गुणी पोर. मी म्हटलं, बोटांचे ठसे पुसत असेल.

बुधवार, १० डिसेंबर

कागद आहे. ट्रंकेत तळाला, माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्राखाली. आज काढला.

निळ्या शाईत महेंद्रचं अक्षर, वर माझी लाल. तेव्हाही माझ्याकडं लाल पेन असायचंच. एकूण तेवीस दुरुस्त्या. 'वाळूत' नऊ वेळा आहे आणि नऊही वेळा मी उकार खोडून दुसरी वेलांटी दिली आहे. एखाद्याची एकदा चूक होते, नऊदा कशी होईल, असं मनात आलं खरं. पण शाळेत मी अशी पोरं पाहिली आहेत. ती चुकतात तेव्हा नेमानं चुकतात.

दुसरी दुरुस्ती त्याच ओळीत. त्यानं लिहिलं होतं, 'टाकलंस मला वाळूत, आई.' आता आई कशी लेकराला वाळीत टाकेल? म्हणून 'टाकलंस'मधला 'स' काढला. अर्थ स्वच्छ झाला.

एक आठवण आली, तीही लिहून ठेवतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पुण्याला स्टुडिओत माइकसमोर तो म्हणाला होता, "विश्वा, ते ळू हाय." मी म्हटलं, "अरे बाबा, माणसाला वाळीत टाकतात, वाळूत नाही. मराठी मला शिकवतो का?" बाहेर पुढच्या लोकांची वेळ झाली होती. तो गिटारची तार पिळायला लागला. पटलं असेल तेव्हाच गप्प बसला ना?

कागद परत ट्रंकेत. किल्ली माझ्याकडं.

मंगळवार, १६ डिसेंबर

आमची वैष्णवी रांजणगावच्या कारखान्यात एचआरला आहे. तिचा फोन चार्जिंगला होता आणि स्क्रीनवर रश्मीचा मेसेज. घरातच फितुरी. विचारलं तर म्हणते, "पप्पा, आम्ही नुसतं बोलतो. चांगली आहे ती." मग हळूच, "कव्हरवर दोघांचं नाव टाकलं तर काय बिघडतं?"

आलं की नाही बाहेर. नाव पाहिजे यांना.

काय बिघडतं म्हणते. शाळेत हेडमास्तर झालो नाही, पुस्तक लिहीन म्हणता म्हणता राहिलं. लोक मला ओळखतात ते त्या एका गाण्यामुळं. एसटीत एखादा पोरगा उठून जागा देतो, सर, 'वाळीत' तुमचंच ना? तेही गेलं तर शिरूरच्या बाजारात मी नुसता पिशवी घेतलेला म्हातारा. हे मी वैष्णवीला बोललो नाही. इथं लिहितोय.

कंपनीला पत्र पाठवलं, रजिस्टर पोस्टानं. शब्द सर्वस्वी माझे, अन्य कुणाचा संबंध नाही, नाव एकच छापावं.

रविवार, २८ डिसेंबर

इनामगावला जाऊन आलो. सविताला सांगितलं, जुन्या विद्यार्थ्याकडं जातोय. म्हटलं, महेंद्रच्या गावात त्या गाण्याविषयी कोण काय बोलतं ते आधीच कळलेलं बरं.

त्याचे घरचे सगळे दौंडला गेलेत. घराशेजारी धुरपदा नावाची म्हातारी उन्हाला बसली होती. मी कोण ते सांगितलं नाही. महेंद्रच्या आईला ओळखत होता का, एवढंच विचारलं.

"ताईबाई व्हय? आम्ही दोघी नदीत कामाला. घोड आटली की वाळूत कलिंगडं लावायची लोकं. खड्डा घ्यायचा, मूठभर खत टाकायचं, दोन बिया, आन् वरून तांब्या तांब्यानं पाणी घालायचं. ताईबाईचं पोरगं तवा बसतं झालेलं. ठेवायचं कुठं? मग एक खड्डा त्याचाच. फडकं हातरून त्यात बसवायची. ऊन चढलं की वरून तांब्या वतायची त्याच्या टाळूवर, आन् ते खिदळायचं. म्हणायची, ह्याला बी टाकलाय वाळूत, बघा कसा येल जातोय ते."

ती आपणहून पुढं बोलत राहिली.

"मोठा झाला, गाणं केलं त्यानं. आईला म्हणला, तुझ्यावर केलंय. क्यासेट आली तवा आम्ही समदी जमलो ऐकायला. आन् ताईबाईनं ऐकलं. म्हणं, माझ्या लेकाला कुणी वाळीत टाकलं? समद्यांना इचारीत फिरली बया. लेक समजावतोय, आये, तसं न्हाई ते. पर क्यासेटीत तर तसंच म्हणतंय न्हाई का ते, आई आई करून? त्या दिसापून पोरानं ती गिटार काय हातात धरली न्हाई."

नदीवर जाऊन आलो. वाळूच नाही आता. सगळी उपसून नेली, नुसता काळा दगड आणि वेड्या बाभळी.

परत येताना विचार केला. ही म्हातारी पढवलेली आहे. रश्मीनं आधीच येऊन तिच्याकडून सगळं घोकून घेतलेलं असणार. पण मी इनामगावला येणार हे रश्मीला कळलं कसं? मलाच परवापर्यंत माहीत नव्हतं. आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कसं पढवतात?

शनिवार, ३ जानेवारी २०२६

सकाळी सविता कुंडीत मेथी लावत होती. एका कुंडीत नुसती वाळू भरलेली, बारीक मेथी वाळूतच रुजते म्हणे. मी शेजारी पेपर वाचत होतो आणि तोंडात ते गाणं. माझ्याही नकळत 'वाळूत' म्हणालो असेन.

ती मान वर न करता म्हणाली, "असं म्हटलं की पुढचं नीट लागतं बघा. वाळूत टाकलंस, वरून पाणी घाल. मला वाळीत आणि पाण्याचा मेळ कधी लागलाच नव्हता. म्हटलं, मोठ्या लोकांचं असेल काहीतरी."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तीस-पस्तीस वर्षं ही बाई माझ्या प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसली, आणि हिला मेळ लागला नव्हता. सांगायचं तरी.

म्हणाली, "तुम्हाला सांगून कुणी सुटलंय का?"

सोमवार, १२ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं. माझं म्हणणं मान्य. कव्हर छापायला गेलं, शब्द: विश्वजीत. सोबत महेंद्रनं त्यांना दिलेल्या पत्राची प्रत जोडली आहे.

वाचायच्या आधी लाल पेन हातात घेतलं होतं. सवय. पत्र असं:

'वाळीत हे गाणे विश्वजीत यांचेच आहे. त्यावर माझा कोणताही हक्क नाही. माझे गाणे वेगळे होते, ते कधी ध्वनिमुद्रित झाले नाही. रश्मीला त्याचा कागद केवळ आजीची आठवण म्हणून हवा होता. तो हरवला असल्याचे कळले. विषय संपला. महेंद्र.'

तीनदा वाचलं. एकही चूक नाही. 'ध्वनिमुद्रित'सुद्धा बरोबर.

मी जिंकलो आहे. दुपारी जेवण गेलं नाही. सगळं मला पाहिजे तसं झालं आणि आता या पत्रात डाव शोधतोय तर सापडत नाही. त्याला काही नकोच होतं. एवढे दिवस मी दाराला कडी लावून बसलो होतो आणि बाहेर कुणी नव्हतंच.

रविवार, २५ जानेवारी. दौंडहून आल्यावर

वैष्णवीनं गाडीनं नेलं, न्हावऱ्यावरून. कागद खिशात घेतला होता.

हॉल भरलेला. काळे टी-शर्ट, छातीवर पांढऱ्यात 'वाळीत'. तबकडी हातात दिली, माझं नाव ठळक. महेंद्र तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. केस पूर्ण पांढरे, बाकी तसाच. मान हलवून ओळख दिली.

बोलायला उभा राहिलो. भाषण पाठ होतं, ते 'वरून' आणि हजार वर्षं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "या गाण्यात शुद्धलेखनाची एक चूक आहे. नऊ वेळा झालेली. ती माझी आहे. मूळ शब्द 'वाळूत' होता. हे गाणं मी लिहिलेलं नाही, मी ते तपासलं. लिहिलं ते तिकडं बसलेल्या महेंद्रनं, आपल्या आईसाठी."

हशा. टाळ्या. सरांचा विनोद, सरांचा मोठेपणा. निवेदक म्हणाला, "पाहा, श्रेय नाकारणारा कलावंत." मी म्हटलं, अहो, खरंच सांगतोय. तेवढ्यात ड्रमवाल्यानं सात मात्रा धरल्या. तीनशे पोरं उभी राहिली आणि एका आवाजात म्हणायला लागली, टाकलं मला वाळीत, आई. काही जण डोळे मिटून रडत होते. त्यांना कुणी ना कुणी खरंच टाकलेलं असेल. त्यांच्या तोंडून आता ती वेलांटी कोण काढणार? मी गायलोच नाही. माइक हातात धरून उभा राहिलो. महेंद्र आपल्या बुटांकडं बघत होता.

नंतर रश्मीच्या घरी चहा. मी कागद काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "हरवला नव्हता. खोटं बोललो."

रश्मीनं तो दोन्ही हातांनी उचलला. बराच वेळ वाचत होती. मग 'टाकलंस'मधल्या खोडलेल्या 'स'वर बोट ठेवून बापाला दाखवला.

महेंद्र म्हणाला, "लाल शाई टिकली की रं अजून."

मी म्हटलं, "मला माफ कर. मला वाटलं तू चुकलास."

"न्हाई, तसं न्हाई विश्वा. तुला वाटलं, ह्यो म्हंजी वाळीत टाकलेलाच असणार, दुसरं काय लिहिणार. आम्हाला गावानं टाकलं असंल, न्हाई म्हणत न्हाई. पर त्या गाण्यात न्हवतं टाकलं. त्या गाण्यात मी आईजवळ व्हतो." त्यानं चहा संपवला. "पोरांना लागतंय ते गाणं, लागू दे. तुझं म्हणूनच ऱ्हाऊ दे. माझं हे आता घरी आलं."

निघताना दारात त्यानं विचारलं, अगदी सहज, "तुमच्या वसरीच्या खिडकीत माझा एक कप असायचा. काचेचा. हाय का फुटला?"

मी म्हणालो, "फुटला. कधीच."

सोमवार, २६ जानेवारी

सकाळी टेबलाशी येऊन बसलो. कान तुटलेल्या काचेच्या कपातलं लाल पेन काढून खणात टाकलं. कप मोरीवर नेऊन घासला, आधी पावडरीनं, मग राखेनं.

स्वयंपाकघरात जाऊन सविताला म्हटलं, आजपासून माझा चहा यात. तिनं तो उजेडात धरून बघितला. म्हणाली, "तळाला शाई बसलीय हो, निघत नाही."

म्हटलं, असू दे. तसाच दे.